एकमुखी

एकमुखी रुद्राक्ष दुर्मिळ असतो असे म्हणतात. एकमुखी ध्वनिक्षेपक तितका दुर्मिळ नसला, तरी त्याच्या भक्तांची श्रद्धा रुद्राक्षधारकांहून तसूभरही कमी नाही. हल्लीच्या बहुतेक स्पीकरांत ध्वनीची वाटणी झालेली असते. खर्जाचा भार वूफरकडे, तीव्र स्वर ट्वीटरकडे, आणि या दोघा भाऊबंदांमधला बांध म्हणजे क्रॉसओव्हर. तो बांध बहुधा सेकंदाला दोन ते तीन हजार कंपनांच्या आसपास पडतो. म्हणजे मनुष्याचा कान जेथे विशेष तिखट, नेमका तेथे. एकमुखी पेटीत वाटणीच नाही. एकच कागदी शंकू, एकच चुंबक, एकच तारेचे वेटोळे. तंबोऱ्याच्या खर्जापासून झांजेच्या किणकिणीपर्यंत सारा प्रपंच त्या एकट्याच्या माथी!

ही कल्पना नवी नव्हे. १९२५ साली अमेरिकेत राइस व केलॉग यांनी हल्लीच्या धर्तीचा स्पीकर सिद्ध केला. पुढे इंग्लंडात पॉल व्हॉइट यांनी मोठ्या शंकूच्या पोटात धाकटा शंकू बसवून वरचे स्वर काढून घेतले. लाउदर हे त्याच घराण्याचे. आपल्याकडचे जुने व्हॉल्व्हचे रेडिओही बहुतांशी एकमुखीच. १९४८ साली आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, तेव्हा या धानाच्या मुलखात ज्या मोजक्या घरी रेडिओ होता, तेथे गाणे आले ते बहुधा एकाच शंकूतून.

गोंदिया शहरालगतच्या आमच्या मुर्रीस गेल्या पावसाळ्यात नागपूरच्या एका स्नेह्यांनी आपली आठ इंची जोडी महिनाभरासाठी आणून ठेवली. आम्ही ती साशंक मनानेच ऐकावयास बसलो, आणि काही शंका खऱ्याही ठरल्या. डग्ग्याचा घुमारा अर्धपोटी राहतो. पखवाज पुठ्ठ्याचा वाटतो. संवादिनी वरच्या सप्तकात गेली की आवाज नाकात शिरून ओरडू लागतो. शिवाय दहा हजार कंपनांच्या ध्वनीची लहर जेमतेम साडेतीन सेंटिमीटरांची, आणि शंकू वीस सेंटिमीटरांचा. त्यामुळे तीव्र स्वर कंदिलासारखे न पसरता विजेरीच्या झोतासारखे सरळ जातात. अवघ्या घरात खरी श्रवणसुखाची खुर्ची एकच!

परंतु अब्दुल करीम खाँसाहेबांची अखेरच्या वर्षांतली ध्वनिमुद्रिका लावली, आणि स्वर व त्यामागचा श्वास एकाच जागेवरून आला. गाणारा मनुष्य समोर होता. त्याची छाती एका पेटीत आणि ओठ दुसरीकडे असा भास कोठेही नव्हता. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात मुळातच अतिखर्ज वा अतितीव्र असे फारसे उतरत नसे. जे तेथे नाही, ते या शंकूला काढता येत नाही, अशी तक्रार कोणी करावी?

त्या एका खुर्चीत एके सायंकाळी आमच्या मातोश्री येऊन बसल्या. वय चौऱ्याऐंशी. उतारवयात वरची कंपने प्रथम कान सोडतात, आणि ‘स’, ‘श’, ‘त’ यांचे बिऱ्हाड त्याच वरच्या मजल्यावर असते. त्यामुळे कित्येक वर्षे त्यांना गाण्याची चाल ऐकू येई, शब्द नव्हेत. बालगंधर्वांचे एक नाट्यपद लागले होते. थोड्या वेळाने पुढची ओळ गायकाआधी त्यांच्याच तोंडून आली.

“आपल्या जुन्या रेडिओवानीच येऊन राहिला रे आवाज,” त्या म्हणाल्या.

नाकात ओरडणारा जो उंचवटा आम्ही दोष म्हणून टिपून ठेवला होता, त्यानेच मातोश्रींच्या कानातला खळगा भरून काढला होता. तेव्हापासून खुर्ची त्यांची झाली. आम्ही दाराशी, झोताच्या बाहेर बसून जे कानी पडेल ते ऐकत असू.

महिना सरला आणि स्नेही जोडी घ्यावयास आले.

“इतक्या लवकर न्याले आले का जी?” मातोश्रींनी विचारले.

स्नेही चहा घेईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, जुन्या तबकड्या एकाच ध्वनिमार्गाच्या; त्यांना एक पेटी पुरते. दुसरी तेवढी काखेत मारून ते नागपूरच्या गाडीत बसले.