शिल्लक नाही, हाच गुन्हा?

शेजारच्या मावशी विड्या वळतात. मागच्या महिन्यात त्या पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "दादा, पैसं मी काढलंच न्हाई, मग गेलं कुठं?"

पासबुक वाचायला मला अर्धा तास लागला. 118 रुपयांच्या सात नोंदी होत्या. खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून 100 रुपये दंड, आणि त्या दंडावर 18 टक्के जीएसटी. शिवाय एसएमएसचे 17 रुपये 70 पैसे दोनदा. एकूण 861 रुपये 40 पैसे. मोबाइल मुलाकडे, मेसेज इंग्रजीत. मावशींनी एकही वाचलेला नाही, पैसे मात्र कापले गेले.

हे खाते त्यांनी हौसेने उघडलेले नाही. नोटाबंदीनंतर कारखान्याने मजुरी खात्यावर टाकायला सुरुवात केली, तेव्हा शहरातल्या एका खासगी बँकेत सगळ्या बायकांकडून फॉर्म भरून घेतले गेले. कोणते खाते उघडतोय, हे कोणी सांगितले नाही. मजुरी येते, त्याच दिवशी किराणा आणि भाड्यासाठी निघते. शिल्लक राहणार कुठून?

आपल्या आज्यांना लुबाडणारा सावकार निदान दिलेल्या पैशावर व्याज घ्यायचा. इथे बँकेने मावशींना एक रुपयाही दिलेला नाही, तरी वसुली चालू आहे. ज्याच्या खात्यात लाख रुपये पडून आहेत त्याला व्याज, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला दंड. शिल्लक पडून राहणे ही सवयीची गोष्ट नाही. ती जमिनीतून, वारशातून, पिढ्यांच्या पगारातून येते. ज्यांना या तिन्हींपासून दूर ठेवले गेले त्यांना "बचतीची शिस्त नाही" म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. रुपया घसरला की मजुरीवर जगणारा आधी भरडला जातो, हे बाबासाहेबांनी 1923 च्या आपल्या रुपयावरच्या ग्रंथात मांडले होते. आज तर रुपया न घसरताही मजुरी कापली जाते.

हा एकट्या मावशींचा प्रश्न नाही. जुलै 2024 मध्ये सरकारने लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार सार्वजनिक बँकांनी पाच वर्षांत या दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केले. खासगी बँकांचा हिशेब यात नाही. स्टेट बँकेने 2020 मध्ये हा दंड बंद केला, 2025 मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी केला. त्या बँका काही बुडाल्या नाहीत! मग आधी घेतलेले कशासाठी होते? ते परत कोण देणार?

नियम आहेत, पण काउंटरवर कोणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकानुसार दंडाआधी ग्राहकाला कळवून एक महिन्याची मुदत द्यावी लागते, जेवढी शिल्लक कमी त्या प्रमाणात दंड लागतो, आणि केवळ दंडामुळे खाते उणे होता कामा नये. मावशींच्या खात्यात पैसेच नव्हते, तेव्हा दंड थकीत ठेवला आणि मजुरी जमा झाली त्याच दिवशी कापला. नियमही पाळल्यासारखा दिसला, पैसेही वसूल झाले.

किमान शिल्लक नसलेले मूलभूत बचत खाते प्रत्येक बँकेत मागता येते आणि चालू खाते त्यात बदलूनही घेता येते. एटीएम कार्ड मोफत, महिन्यात चार वेळा पैसे काढणे मोफत. आम्ही दोघे बँकेत गेलो. साहेब म्हणाले, "हे गरिबांसाठी असतं." मावशी म्हणाल्या, "मग मी कोण दिसते तुम्हाला?"

अर्ज दिला. एक खाते बदलण्यासाठी, दुसरा 861 रुपये 40 पैसे परत मिळण्यासाठी. पोच देताना साहेबांनी खळखळ केली. मी लोकपालाचा 14448 हा नंबर सांगितला, मग शिक्का मारला. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही तर लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही मोफत. मावशींनी पोच पासबुकात घडी घालून ठेवली आहे. आज एकोणिसावा दिवस. तुमच्या घरातलं पासबुक भरून आणलंय का?

जय भीम.