लेकीने मोजलेले श्वास

मागच्या वर्षीची गोष्ट. चौथीच्या वर्गात उर्दूचा इमला, म्हणजे श्रुतलेखन, घेत होते. पाचवे वाक्य सांगता सांगता शब्द तोंडातच राहिले. डोळे उघडले तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी विचारत होती, "आपा, आप सो गए क्या?" सगळा वर्ग हसला. मीही हसले; पण आतून फार शरमले. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि आदल्या रात्री मी चांगले आठ तास अंथरुणावर होते.

हे एका दिवसाचे नव्हते. दोन-तीन वर्षांपासून सकाळी उठताना डोके जड असायचे. फजरचा अलार्म वाजून बंद व्हायचा, मला पत्ता नसायचा. लहानसहान गोष्टीवरून मुलांवर ओरडायचे. रक्त तपासले, लोहाच्या गोळ्या घेतल्या, थायरॉइडची तपासणी झाली, तीही ठीक निघाली. ज्याला त्याला एकच उत्तर ठाऊक होते : "चाळिशीनंतर बाईचे असे होतेच."

मी घोरते, हे घरात सर्वांना माहीत होते. आमच्या वसमतच्या घरात घोरणे म्हणजे गाढ झोप. सासूबाई कौतुकानेच सांगायच्या, "बिचारी दिवसभर राबते, पडल्या पडल्या झोप लागते." आवाजामुळे यांनी आपली खाट बाहेरच्या खोलीत नेली होती. एकदा परभणीला नात्यातल्या लग्नात आम्ही सगळ्या बायका एकाच हॉलमध्ये झोपलो. सकाळी चहा पिताना एका नणंदेने माझ्या घोरण्याची हुबेहूब नक्कल केली. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दिवसापासून मी कोणाकडे मुक्कामाला राहिले नाही. पुरुष घोरला तर कोणी मनावर घेत नाही. बाई घोरली की तिची चेष्टा होते. म्हणून बाई ते लपवते, डॉक्टरलाही सांगत नाही. मीसुद्धा सांगितले नव्हते.

माझी धाकटी लेक सातवीत आहे, ती माझ्याजवळ झोपते. तिच्या वर्गशिक्षिकेचा निरोप आला की मुलगी वर्गात पेंगते. मी तिला फार रागावले. रात्री मोबाईल बघत असणार, दुसरे काय! ती काही बोलली नाही. माझाच मोबाईल उचलून तिने एक रेकॉर्डिंग लावले. त्यात माझे घोरणे होते. मग एकदम शांतता. स्क्रीनवर सेकंद पुढे सरकत होते : दहा, पंधरा, बावीस. आणि मग विहिरीतून वर आलेल्या माणसासारखा एक मोठा, घुसमटलेला श्वास.

"अम्मी, तुमचा श्वास थांबतो तेव्हा मी आकडे मोजते. तीसच्या पुढे गेले की तुम्हाला हलवते."

किती दिवसांपासून, असे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिनेच सांगितले, "रमजानपासून."

पुढच्याच आठवड्यात आम्ही नांदेडला गेलो. डॉक्टरांनी एक छोटे यंत्र घरी दिले. छातीला पट्टा, नाकाखाली बारीक नळी, बोटाला चिमटा. असे लावून रात्रभर झोपायचे. अहवाल आला : तासाला 34 वेळा श्वास अडतो. दहा किंवा जास्त सेकंद श्वास थांबला किंवा खूप कमी झाला की ती एक वेळ धरतात. तासाला 5 पर्यंत चालते, 30 च्या वर गंभीर. म्हणजे आठ तासांत अडीचशेहून अधिक वेळा! झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट बंद होते. रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू दचकून जागा होतो. आपल्याला सकाळी त्यातले काहीच आठवत नाही. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. उपचार न केल्यास रक्तदाब वाढतो, आणि वाहन चालवणाऱ्याला तर रस्त्यावरच धोका असतो.

हे नाव मी पूर्वी ऐकले होते. फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी हेच कारण सांगितले होते. पण तो आजार मोठ्या, श्रीमंत माणसांचा, अशी माझी समजूत.

मास्तरकीची सवय, म्हणून वाचत गेले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या माणसांची झोप तपासून 2004 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. 19.5 टक्के लोकांचा श्वास झोपेत अडत होता. त्यासोबत दिवसा पेंग येणारे 7.5 टक्के होते. मोलाचे काम, पण तपासलेले सगळे पुरुष होते. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे 1993 मध्ये स्त्रियांनाही मोजले, तेव्हा शंभर पुरुषांत 24 आणि शंभर स्त्रियांत 9 जणींना हा त्रास निघाला. पाळी गेल्यावर बाईचा धोका आणखी वाढतो. शिवाय बाई अनेकदा घोरण्याची नव्हे, थकव्याची, डोकेदुखीची, झोप न लागण्याची तक्रार घेऊन जाते आणि गोळ्या घेऊन परत येते.

उपचाराची कथाही वाचण्यासारखी आहे. पूर्वी गंभीर रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करावी लागे. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकातून हलक्या दाबाने हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवली आणि 1981 मध्ये पाच रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. तेच आजचे सीपॅप मशीन. 2014 मध्ये अमेरिकेत जिभेच्या नसेला चालना देणारे, छातीच्या त्वचेखाली बसवायचे उपकरण मंजूर झाले. डिसेंबर 2024 मध्ये तिथेच टिर्झेपटाइड हे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन, लठ्ठपणा असलेल्या आणि मध्यम ते गंभीर आजाराच्या प्रौढांसाठी मंजूर झाले. ते महाग आहे, सर्वांसाठी नाही, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेण्याची वस्तू नाही.

मशीन म्हणजे जादू नव्हे, हेही संशोधनच सांगते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 2,717 रुग्णांच्या अभ्यासात मशीनमुळे हृदयविकाराचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. दिवसाची पेंग आणि मनाची उदासी मात्र कमी झाली. त्या रुग्णांनी मशीन रात्रीतून सरासरी 3.3 तासच वापरले होते. मला याचे नवल वाटले नाही. पहिले दहा दिवस मीही मध्यरात्री मास्क ओढून फेकत होते. हे म्हणाले, "वैमानिक झालीस की!" सासूबाईंनी आयतुल कुर्सी पढून मशीनवर दम केला. पैशांसाठी पतपेढीचे कर्ज काढले. रात्री लाईट जाते, म्हणून इन्व्हर्टर घेतला. तिसऱ्या आठवड्यात मास्क अंगवळणी पडला आणि एका पहाटे फजरच्या अलार्मआधीच मला जाग आली. डोके हलके होते. कितीतरी वर्षांनी असे वाटले. अल्हमदुलिल्लाह.

भगिनींनो, घरात कोणी घोरत असेल, घोरता घोरता श्वास थांबून दचकत असेल, आणि पूर्ण झोपूनही दिवसा पेंगत असेल, तर हसू नका; रेकॉर्डिंग करून डॉक्टरांना ऐकवा. ती व्यक्ती तुम्ही स्वतः असाल तर लाजू नका. मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नका, त्यांनी हा त्रास वाढू शकतो. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने आणि कुशीवर झोपल्यानेही फरक पडतो.

मशीन आल्यावरही लेक काही रात्री जागीच राहायची. सवयच लागली होती तिला. मग एका रात्री मला जाग आली. मशीनचा बारीक आवाज चालू होता आणि ती माझ्याकडे पाठ करून गाढ झोपली होती. मी मास्क थोडा बाजूला केला आणि तिचे श्वास मोजले. मग मास्क नीट लावला आणि झोपले.