टेकू

रात्रपाळी सुटली की मी घरी जात नाही. सूतगिरणीतनं सरळ नाक्यावरच्या गॅरेजात. रिंगखात्याच्या पगारात घर भागत नाही, म्हणून दुपारपर्यंत गाड्यांखाली. कविता सुचते ती तिथंच, उताणं पडल्या पडल्या. वर आभाळ नसतं, गाडीचं पोट असतं.

मागच्या पावसाळ्यात विटांवर ठेवलेली गाडी बसली. वीट आधी सांगत नाही, एकदम फुटते. माझी दोन बोटं चेपली. मालक धावत आला, वाकला, आणि पहिला हात गाडीच्या पत्र्यावरनं फिरवला. ‘पोचा आलाय का रं?’ बोटांचं नंतर.

मेस्त्रीनं लोखंडी स्टँड काढून दिले. तर नवी कटकट. दाराखाली पत्र्याची उभी शिवण असते. स्टँडचं लोखंडी डोकं तिला टेकलं की सगळं वजन त्या धारेवर. शिवण मुडपते, रंग उडतो, गंज धरतो. मालक म्हणाला, ‘विटाच बऱ्या.’

मेस्त्री म्हणाला, ‘वेल्डिंग मारून डोकं सपाट कर.’ मी नाही म्हणालो. ज्या लोखंडावर जीव ठेवायचा त्याला ताव द्यायचा नाही, भोक पाडायचं नाही. भंगारातनं टणक रबराचे जाड ठोकळे आणले. खालनं स्टँडच्या डोक्यात घट्ट बसतील असे तासले. वर हॅक्सॉनं खोबण पाडली, शिवणीच्या उंचीपेक्षा थोडी खोल. आता शिवण खोबणीत मोकळी राहते, वजन दोन्ही अंगच्या पत्र्यावर बसतं. तेही कंपनीनं खूण केलेल्या जागीच.

पण दोस्तांनो, रबर पत्रा वाचवतं. माणूस वाचतो तो सपाट टणक जमिनीनं, जमिनीवरच्या चाकांना पुढंमागं अडकवलेल्या लाकडांनी, दोन्ही बाजूंच्या स्टँडनं. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका; तेल गळलं की तो बसतो. शिरण्याआधी गाडीला हातानं हलवून बघा. डुगडुगली तर उतरवा, पुन्हा लावा.

मालकानं ठोकळे बघितले. ‘डोकं आहे रं तुला,’ म्हणाला. त्याचा पत्रा वाचला, तेव्हा कुठं मला स्टँड मिळाले.

विटा मी स्वतः उचलून रस्त्यापलीकडं टाकून आलो. दोन बोटं अजून मिटत नाहीत. बाकीच्या आठांनी उचलल्या.