वाशिमच्या पठारावरील पाषाण

अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी शिरपूरला जाणारी आपली अनेक कुटुंबे अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगाव या मार्गाने जातात. प्रवासात सर्वांचे लक्ष असते ते सूर्यास्तापूर्वी भोजनशाळेत पोहोचण्याकडे. त्यामुळे पातूर सोडल्यानंतर लागणारा घाट हा केवळ वळणांचा त्रास म्हणूनच लक्षात राहतो. परंतु ज्याला पाहण्याची सवड आहे, त्याच्यासाठी हा घाट म्हणजे उघडे ठेवलेले एक फार जुने खातेपुस्तक आहे.

अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर आहे, तर वाशिम सुमारे ५४० मीटरवर. ही चढण अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पूर्वेकडील विस्ताराची. खाली पूर्णेचे खोरे नदीच्या गाळाने भरलेले आहे. तेथे खडक दृष्टीस पडत नाही आणि पुष्कळ गावांत विहिरीचे पाणी खारट लागते. म्हणूनच त्या भागाला ‘खारपाण पट्टा’ हे नाव पडले. घाट चढू लागताच गाळ संपतो आणि काळा पाषाण उघडा पडतो. पुढे वाशिम, मंगरूळपीर, मानोऱ्यापर्यंत सपाट माथ्याच्या टेकड्या, पायऱ्या-पायऱ्यांचे उतार आणि बरड माळावर विखुरलेले काळे गोटे सोबत करतात.

हा पाषाण म्हणजे बेसाल्ट, लाव्हारसापासून बनलेला खडक. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त रस जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि एकावर एक थर रचत पसरत गेला. आजही या थरांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. बहुतेक महाराष्ट्र त्यात येतो. भूशास्त्रज्ञ या खडकाला ‘दख्खनचा ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे, आणि वाशिमच्या टेकड्या पाहिल्या की तो किती समर्पक आहे हे पटते. कठीण थर कड्यासारखा टिकून राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, आणि टेकडीला आपोआप पायऱ्या पडतात.

रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत थोडे निरखून पाहावे. कोठे खडक कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत असतो आणि मध्ये वाटोळा, टणक गोटा शिल्लक असतो. कोठे खडकाला बारीक छिद्रे असतात. ती लाव्हारसातून निसटलेल्या वायूच्या बुडबुड्यांची. पुढे त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली द्रव्ये साठून पांढरे स्फटिक तयार झाले. दोन काळ्या थरांमध्ये कोठे गेरूच्या रंगाचा पट्टा दिसला, तर एका लाव्हाप्रवाहानंतर दुसरा येईपर्यंत मोठा काळ लोटला, असे समजावे. तेवढ्या अवधीत खालचा खडक झिजून त्याची तांबडी माती झाली होती.

या खडकाने आपल्याला काय दिले, याचा हिशेब करणे उचित ठरेल. पहिली देणगी म्हणजे काळी माती. लोह, चुना आणि मॅग्नेशियम असलेला हा खडक झिजून जी चिकण माती होते, ती ओलावा धरून ठेवते. कापूस तीवरच पोसला आणि कारंजा, अकोला, वाशिम येथील आपल्या पूर्वजांच्या पेढ्या कापसाच्या व्यापारावर उभ्या राहिल्या. दुसरी देणगी शिल्पाची. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील राजा हरिषेण याच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची अनेक लेणी कोरली गेली. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी आणि २०१६ साली पूर्ण झालेली मांगीतुंगीची १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्तीही याच दख्खनी पाषाणातली. शिरपूर गावाबाहेरचे जुने मंदिरही दगडीच. आज आपण मंदिरासाठी दूरच्या मकराण्याहून संगमरवर आणतो. पूर्वजांनी पायाखालच्या पाषाणात भगवंत पाहिले.

तिसरी देणगी पाण्याची, आणि तीच सर्वांत नाजूक आहे. वाशिमचे पठार हा जलविभाजक आहे. काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीमार्गे अरबी समुद्रात जाते. महान येथील धरणातून अकोला शहराला पाणी मिळते ते हिचेच. उलट पूस, अरुणावती, अडाण या नद्या पैनगंगेच्या खोऱ्यातून गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराकडे जातात. माथ्यावर पडलेला पाऊस असा दोन्ही बाजूंनी उतरून जातो. बाहेरून कोणतीही मोठी नदी येथे पाणी घेऊन येत नाही. घट्ट पाषाणात पाणी जवळजवळ साठत नाही. ते साठते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत. ज्या टेकडीला आपण ओसाड समजतो, ती गावाच्या विहिरीची ठेव असते.

हीच ठेव आज मोडली जात आहे. रस्ते, घरे, गोदामे यांसाठी मुरूम आणि गिट्टी लागते, हे मान्य केलेच पाहिजे. कायद्याच्या परिभाषेत ही ‘गौण खनिजे’ आहेत. त्यांचे स्वामित्वधन भरले की व्यवहार पूर्ण झाला, असे आपण मानतो. बँकेत असताना दगडखाणीचे कर्जप्रस्ताव मी पाहत असे. त्यांत यंत्राचा घसारा वर्षानुवर्षे काटेकोर धरलेला असे. टेकडीचा घसारा मात्र कोणत्याही ताळेबंदात नसे. यंत्र पुन्हा घेता येते. बोटभर माती बनायलाही शतके लागतात, आणि कापलेली टेकडी तर पुन्हा उभी राहतच नाही. व्याजावर जगावे, मुद्दलाला हात लावू नये, हे व्यापारी घरात लहान मुलालाही शिकवले जाते. तोच नियम येथे लागू व्हायला हवा.

आपल्या धर्माने तर या प्रश्नाचा फार पूर्वी विचार केला आहे. पृथ्वीकाय जीव मानणारी आपली परंपरा पाषाणाला निर्जीव वस्तू म्हणून सोडून देत नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत जमीन खोदणे व दगड फोडणे यांवरील उपजीविका, म्हणजे स्फोटकर्म, स्पष्टपणे गणलेली आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात निष्प्रयोजन भूमी खणणे हा अनर्थदंड सांगितला आहे. ‘निष्प्रयोजन’ या शब्दावर येथे थांबावे. गृहस्थाला घर बांधावे लागते, त्यासाठी दगड लागतो. परंतु जुनी इमारत पाडल्यावर निघालेला चांगला दगड खड्ड्यात टाकून नवा फोडून आणणे, किंवा वापर ठरलेला नसताना भूखंड सपाट करून ठेवणे, याला प्रयोजन कसे म्हणावे? बांधकामाच्या व्यवसायात असलेल्या आपल्या तरुणांनी आणि नवी धर्मशाळा उभारणाऱ्या विश्वस्तांनी अंदाजपत्रक करताना हा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा.

पार्श्वनाथ जन्मकल्याणकाच्या सुमारास, हिवाळ्यात, शिरपूरला जाणे झाले तर घाटात सुरक्षित, रुंद जागा पाहून दहा मिनिटे थांबावे. त्या दिवसांत गवत वाळलेले असते आणि थर स्वच्छ दिसतात. मुलांना तांबडा पट्टा, कांद्यासारखे गोटे आणि बुडबुड्यांची छिद्रे दाखवावीत, आणि हातात घेतलेला दगड जिथला तिथे ठेवायला सांगावे.