खाडीपलीकडचें शहर

गेल्या वर्षीं नाताळच्या सुटीपूर्वीं एका शनिवारीं आम्ही नववीच्या मुलांस घेऊन बेलापुरास गेलों होतों. भूगोलाच्या तासास नियोजित शहराविषयीं पुष्कळ सांगून झालें होतें; तें एकदां डोळ्यांनीं पहावें, एवढाच हेतु. गाडी खाडीच्या पुलावर आली तेव्हां मुलांचा गलबला क्षणभर थांबला.

कोंकण भवनासमोर उभे राहून आम्ही सांगूं लागलों. 1965 सालीं ‘मार्ग’ या नियतकालिकांत चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं एक कल्पना मांडिली. दक्षिणोत्तर लांबतच चाललेल्या मुंबईस खाडीपलीकडे जोडशहर द्यावें आणि सरकारनें स्वतः तेथें बिऱ्हाड करावें; सरकार गेलें म्हणजे पेढ्या व माणसें मागोमाग जातील, असा हिशेब होता. 1970 सालीं सिडको स्थापन झाली. 95 गांवांची, सुमारें 344 चौरस किलोमीटर जागा आंखली गेली. 1992 सालीं वाशीपर्यंत आगगाडी आली.

इतक्यांत एका मुलानें विचारिलें, “सर, मुख्यमंत्री कोणत्या मजल्यावर बसतात?”

मुख्यमंत्री तेथें बसत नाहींत. तेथें कोंकण विभागाच्या आयुक्तांची कचेरी आहे. मंत्रालय आमच्या गिरगांवापासून कोसभरावरच राहिलें. कांद्याबटाट्यांचा घाऊक बाजार वाशीस गेला, लोखंडाचा कळंबोलीस गेला. सरकार मात्र हललें नाहीं. उलट त्याच काळांत नरिमन पॉइंटास समुद्र बुजवून कचेऱ्यांचे मनोरे उठले. मुलें हसलीं. आम्हांसहि हसूं आलें, पण पुढचें सांगतांना तें टिकलें नाहीं. ज्यांच्या शेतांवर व मिठागरांवर हें शहर उभें आहे, त्या आगरी-कोळी लोकांनीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं योग्य मोबदल्यासाठीं लढा दिला. जानेवारी 1984 मध्यें पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण मरण पावले. पुढें, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचें ठरलें. आमच्या पाठांत लोकसंख्या, रस्ते, रेल्वे सारें होतें. हे पांच जण नव्हते. तो दोष आमचा.

परततांना स्थानकावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील मुलांकरितां केळीं घेऊन उभे होते. पूर्वीं ते लालबागच्या चाळींत रहात. “खाडीपलीकडे जा, मुलांस हवा मिळेल,” असें आम्हींच त्यांस पालकसभेंत आग्रहानें सांगितलें होतें, आणि ते नेरुळास गेले. गृहस्थ सरकारी कारकून, नोकरी मंत्रालयाजवळच. आज वर्षानुवर्षें पहांटे उठून ते तीच खाडी ओलांडीत आहेत.

“जागा चांगली आहे, सर,” ते म्हणाले. “तुम्ही केव्हां येणार?”

आम्हांस परळ सुटत नाहीं. आईचें इस्पितळ जवळ, शाळेची गाडी सोयीची, शेजार जुना. हीं कारणें आम्हीं त्यांस सांगितलीं. त्यांनीं तीं निमूटपणें ऐकून घेतलीं आणि उरलेलीं केळीं आमच्या पिशवींत ठेविलीं.