आत्याचे खाँसाहेब

आमच्या आतोबांनी १९६६ साली सोलापुरातून विजेवर चालणारा एक ग्रामोफोन घेतला, तोही वापरलेला. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाच्या सामानात तो जड होत होता, एवढ्याच कारणाने तो उमरग्यासारख्या गावात येऊन पडला. लाकडी पेटी, आत इंग्लंडातल्या स्विंडन गावच्या गॅरार्ड कंपनीचे यंत्र, आणि बाजूला १६, ३३, ४५ व ७८ असे आकडे कोरलेली एक कळ. आतोबांचा तीन आकड्यांशी कधी संबंध आला नाही. त्यांच्याकडे होत्या त्या सगळ्या लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या तबकड्या.

आतोबा गेले. पुढे १९९३ च्या सप्टेंबरात, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट आली. किल्लारी-सास्तूरकडे जे घडले त्यापुढे उमरग्यातल्या आत्याच्या घराचे काहीच गेले नाही म्हणायचे. दोन भिंती तडकल्या आणि फळीवरची पेटी खाली आली. लाखेची तबकडी म्हणजे काचेची बहीण. एकेचाळीसांतल्या सतरा उरल्या. पेटी पत्र्याखालच्या माळ्यावर गेली ती गेलीच. गेल्या वर्षी आत्याला, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मी धाराशिवला आमच्याकडे आणले तेव्हा तिने एक ट्रंक, देवांचे संपुष्ट आणि ती पेटी, एवढेच बरोबर घेतले.

"चालू होतंय का बघ," ती म्हणाली. "अब्दुल करीमखाँची झिंझोटी एकदा ऐकू दे. मग भंगारात घाल हवं तर."

आता असल्या कामाची मला हौस आहे, हे आमच्या घरात एक दुखणे म्हणूनच मानले जाते. मुलाने पुण्याहून फोनवर सल्ला दिला, की पेटी तेवढी ठेवा आणि आत नवी मोटार, नवा ॲम्प्लिफायर, ब्लूटूथ असे सगळे बसवून टाका. म्हणजे म्हाताऱ्याला नवे हृदय, नवी फुप्फुसे आणि नवा मेंदू बसवायचा आणि धोतर तेवढे जुने ठेवायचे! मी ठरवले, की जे मेले आहे तेवढेच बदलायचे आणि जे नुसते झोपले आहे त्याला उठवायचे.

झोपलेले पुष्कळ निघाले. मोटारीतले वंगण वाळून राळेसारखे झाले होते. त्यात कंपनीचा काय दोष? पन्नास-साठ वर्षांत माणसांचेही होते. रॉकेलने ते धुतले, बेअरिंगच्या सच्छिद्र पितळी पुंगळ्या रात्रभर शिलाई मशीनच्या तेलात भिजत घातल्या, आणि सकाळी आस बोटाने फिरवला तर तो लोण्यात फिरावा तसा फिरला. मोटारीचा वेग चकतीपर्यंत पोचवणारे एक लहान रबरी चाक असते. ते दगड झाले होते, म्हणून घसरत होते. सोलापुरात यंत्रमागांच्या रबरी रुळांचे काम करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांनी जुने रबर खरवडून नवे चढवले आणि लेथवर इतके गोल घासून दिले की पैसे देताना मलाच संकोच वाटला.

मेले होते ते सुईचे मस्तक. जुन्या मस्तकात रोशेल क्षाराचा स्फटिक असतो. सुई थरथरली की तो दाबला जातो आणि त्यातून वीज निघते. पण उन्हाळ्याची धग आणि पावसाळ्याची ओल त्याला सोसत नाही. मराठवाड्यातला पत्रा त्याला कसा सोसणार? त्याजागी सिरॅमिकचे मस्तक घातले. एका बाजूला ७८ ची जाड सुई, दुसऱ्या बाजूला लाँगप्लेची बारीक. हवी ती फिरवून घ्यायची. हे मुद्दाम सांगतो, कारण जुन्या यंत्रात नवी सुई घालणारे पुष्कळ जण इथेच फसतात. लाखेच्या तबकडीची खाच लाँगप्लेच्या जवळजवळ तिप्पट रुंद. तीत बारीक सुई टाकली की ती तळाच्या गाळात लोळते आणि गाण्याऐवजी भजी तळल्याचा आवाज ऐकवते. शिवाय कंडेन्सर बदलला आणि जमिनीची तार जोडली, म्हणजे पेटीला हात लावताच बसणारा तो जुना झटका बंद झाला.

राहिला वेग. त्यासाठी कागदाची एक गोल चकती मिळते, तिच्यावर ७७ काळे पट्टे असतात. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, त्यामुळे नळीचा दिवा शंभर वेळा लुकलुकतो. त्या उजेडात ७८ च्या वेगाला ते पट्टे फिरता फिरता जागच्या जागी उभे राहिल्यासारखे दिसतात. पण यासाठी जुना, चोकवाला नळीदिवा लागतो. आमच्या घरात तसला एकच शिल्लक होता, न्हाणीघरासमोर. सौभाग्यवतींचा चेहरा न पाहता मी पेटी तिथे मांडली. पट्टे थांबले. जणू मुंग्यांची रांग "सावधान" म्हणताच उभी राहिली.

संध्याकाळी आत्याला खुर्चीत बसवून झिंझोटी लावली. खरखरीतून तो आवाज वर आला: उंच, बारीक, रेशमाच्या धाग्यासारखा. मी डोळे मिटले. तीन मिनिटे झाली, सुई उचलली, आणि आत्याकडे पाहिले.

"काय करायलास रे हे?" ती म्हणाली. "हे कोणतं पोरगं गायला लावलंस?"

मी हसलो, पण ती हसत नव्हती. "आमचे खाँसाहेब भारदस्त होते. असे घाईत नव्हते."

रात्री झोप येईना तेव्हा उलगडा झाला. नवे रबर चढवण्यापूर्वी, तेलपाणी झाल्यावर, मी तबकडीखाली कागदाची चिठ्ठी ठेवून फेऱ्या मोजल्या होत्या; मिनिटाला ७२ भरल्या होत्या. घसरते चाक, सुकत चाललेले वंगण आणि त्यात उमरग्याची वीज! शिवारात विहिरींवर मोटारी वाढत गेल्या, तसा संध्याकाळी दिव्याचा लालसर काजवा होऊ लागला. आणि आतोबांच्या घरी गाणे लागायचे ते संध्याकाळीच. ७८ ऐवजी ७२, म्हणजे सूर पेटीवरच्या एका पट्टीहून थोडा अधिकच खाली, आणि तीन मिनिटांची तबकडी सव्वातीन मिनिटांची.

या प्रकारातली गंमत, किंवा क्रूरता, लक्षात घ्या. देवल आणि क्लेमंट्स श्रुतींचे मोजमाप करायला बसले तेव्हा त्यांनी कसाला लावला तो याच अब्दुल करीमखाँचा गळा. तंबोरा लावण्यात केसाएवढा फरक न चालणारा हा माणूस, १९३७ साली मद्रासकडच्या एका लहानशा स्टेशनवर गेला, मिरजेला विसावला, आणि उमरग्यात वर्षानुवर्षे पट्टीभर उतरून गात राहिला. आता ७८ हा आकडाही वेदवाक्य नव्हे. सुरुवातीच्या काळात कंपन्यांचे वेग थोडे इकडेतिकडे असत. पण १९२५ नंतर विजेच्या मायक्रोफोनवर मुद्रण होऊ लागले, त्यानंतरच्या तबकड्यांत तो बराच स्थिरावलेला आहे. झिंझोटी त्यांतली. आत्याच्या खाँसाहेबांना बरोबर ठरवायला शास्त्रात कुठेही जागा नव्हती.

सकाळी तिला सगळे समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "अरे, मी गाणं कुणाकडं शिकले? सासूबाई झोपल्या की ही पेटी हळू लावायची आणि तांदूळ निवडता निवडता मागं मागं म्हणायचं. माझा गळा त्या पट्टीत बसलाय. तुझ्या पट्टीत माझ्यानं म्हणवत नाही."

किराणा घराण्याची ही उमरगा शाखा मला ठाऊकच नव्हती. हळदीकुंकवाला आत्या गायची, ते ऐकून आम्ही पोरे पळून जात असू.

मोटारीची कप्पी घासून लहान केली असती तर वेग कायमचा उतरला असता; पण त्याला माझा हात धजेना, आणि आजही धजणार नाही. जे सुराला खरे ते यंत्रात राहिलेच पाहिजे, असे माझे मत आहे. मी पुन्हा सोलापूर गाठले. मिस्त्रींनी ऐकून घेतले, आत गेले, आणि धूळ झटकत एक डिमरस्टॅट घेऊन आले. चक्री फिरवली की व्होल्ट कमी. "उमरग्याची वीज पाहिजे ना तुम्हाला?" ते म्हणाले. "घेऊन जा."

१७० च्या आसपास, जाड सुईचे ओझे घेत, चकती ७३ वर रेंगाळते. त्याखाली मोटार कण्हू लागते, म्हणून तिथेच थांबलो. आत्याने पहिल्या आलापालाच मान हलवली, आणि दुसऱ्या ओळीला ती मागून म्हणू लागली. आवाज पार फाटलेला, पण सुरात. सौभाग्यवती पोळ्या टाकून दारात येऊन उभी राहिली.

आता चक्रीवर खडूच्या दोन खुणा आहेत. मी एकटा असलो की वरची, आत्या बसली की खालची. लक्ष्मीपूजनाला मुलगा येणार आहे. त्याला कोणती ऐकवायची यावरून आमचे दोघांचे अजून जमलेले नाही. मिस्त्रींनी डिमरस्टॅट परत मागितलेला नाही.