उंदराला खाणं दिसत होतं का?

संपादकांना हवे होते ‘वर्षअखेरीस विद्यापीठाचा उत्साह टिकवण्याचे दहा सोपे उपाय’. ऐन दिवाळीत मार्च-एप्रिलची मरगळ कोण वाचणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, “मॅडम, आमचा अंक मार्चपर्यंत रद्दीत जात नाही.” एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात मी १९ वर्षं काढली. माझ्याकडे दहा उपाय नाहीत. एक चूक आहे, ती सांगते.

मानसशास्त्रज्ञ म्हणजे पेट्रोल पंप, असा आपल्याकडे समज आहे. नळी लावली, टाकी भरली, पुढची गाडी. म्हणून दर मार्चला ‘प्रेरणा व्याख्याना’चं परिपत्रक निघतं. त्यात हजेरी सक्तीची असते आणि समोसा ‘उपलब्धतेनुसार’. गेल्या मार्चमध्ये मी क्लार्क हल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे उंदीर सांगितले. १९३०च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की, खाणं जवळ येतं तसा उंदराचा वेग वाढत जातो. आम्ही याला गोल ग्रेडियंट म्हणतो. थोडक्यात, टोक जवळ आलं की पाय उचलतात. सगळं वर्षअखेरीच्या थकव्यावर ढकलू नका. टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेतून रसायनशास्त्राच्या एक बाई उठल्या. तासिका तत्त्वावरच्या. “मॅडम, उंदराला खाणं दिसत होतं का? माझं डिसेंबरचं बिल अजून निघालं नाही. जुलैत मला बोलावणार की नाही, ते जुलैतच कळेल.” सभागृहात हशा पिकला. मीही हसले, “छान प्रश्न” म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली.

त्या वेळी माझं डोकं दुसऱ्याच भांडणात होतं. वर्षअखेरीस शंभर टक्के हजेरीवाल्यांना गिफ्ट व्हाउचर द्यावं, असा प्रस्ताव होता आणि मी त्याच्या विरोधात उभी होते. इथे थोडं तांत्रिक होईल, सांभाळून घ्या. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतली चित्रकलेची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पेन समोर ठेवले, तर आधी कबूल केलेलं बक्षीस मिळवणारी मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. यावर पुढे मोठं रण माजलं. १९९४ साली कॅमेरॉन आणि पियर्स म्हणाले, बक्षिसांची ही भीती फुगवलेली आहे. १९९९ साली डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोगांची बेरीज मांडून त्यांना उत्तर दिलं. मी डेसींच्या बाजूची. पण माझ्या बाजूचा लंगडा पाय मला ठाऊक आहे. जे काम मुळातच कंटाळवाणं आहे, त्यातली गोडी बक्षिसानं कमी होणार तरी कशी? तीनशे जर्नलांवर सह्या करण्याची गोडी कोणाला असते? हे मी त्या प्रस्तावावरच्या बैठकीत बोलले नाही. व्हाउचर रद्द झालं, आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

एप्रिलमध्ये त्याच बाईंच्या प्रयोगशाळेत गेले. प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या. पंखे गरम हवा फेकत होते, एक्स्टर्नल ताक पीत होते. फळ्याच्या कोपऱ्यात मामांनी, म्हणजे तिथल्या परिचरांनी, खडूनं लिहिलं होतं : ‘राहिल्या बॅचेस ११’. बॅच संपली की कुणीतरी पोरगं धावत जाऊन आकडा पुसायचं. मी असेपर्यंत ११चे ९ झाले, आणि ब्युरेट धुणाऱ्या मामांचा हात खरंच भरभर चालू लागला. व्याख्यान न देता!

तिसऱ्या दिवशी ‘प्रशासकीय कारणास्तव’ परीक्षा पुढे गेली. सुधारित वेळापत्रक यथावकाश. मामांनी ओल्या फडक्यानं कोपरा पुसला. निकालाला २०१६च्या विद्यापीठ कायद्यात ३० दिवसांची, फार तर ४५ दिवसांची मुदत आहे. बाईंच्या बिलाला आमच्याकडे ‘यथावकाश’ हीच मुदत.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं. खाणं दिसण्याची गरजच नव्हती. उंदीर त्याच बोळातून कितीदा तरी धावलेले होते आणि खाणं दर वेळी त्याच टोकाला असायचं. बोळ मध्येच लांबवला असता तर हल यांना तो आलेख मिळाला असता का, शंका आहे. आणि आम्ही दर वर्षी बोळ लांबवतो, मग उंदरांसाठी वक्ता बोलावतो. तो वक्ता मी.

हे बाईंना सांगायला जुलैत परत गेले. मामा एकटेच कपाटं पुसत होते. म्हणाले, “त्या बाईंना यंदा नाही बोलावलं. डिसेंबरचं बिल मात्र निघालं बघा, मागच्या आठवड्यात.”